तीन दिवसांचं पुरळ

माझ्या पोराच्या अंगावर पुरळ उठलं तो दिवस बेस्तरवार होता. वार पक्का ध्यानात आहे, कारण दुसऱ्याच दिवशी, शुक्रवारी, मला माहेरी जायचं होतं. सकाळी त्याला आंघोळीला बसवलं, सदरा काढला, तर मानेवर, छातीवर, कानामागं बारीक बारीक गुलाबी ठिपके. अंग कोमट. कानामागनं बोट फिरवलं तर हरभऱ्याएवढ्या दोन-तीन गाठी हाताला लागल्या. पोरगं मात्र मजेत होतं. पाच वर्षांचं ते, तांब्यातलं पाणी माझ्याच अंगावर उडवून खिदळत होतं.

मला पुरळ काय नवं नव्हतं. मी घरातली थोरली. पाठच्या तिघांचं सगळं मी काढलेलं. गोवर आला की लेकराचे डोळे लाल होतात, त्याला उजेड सोसत नाही, नाक गळतं, खोकून खोकून जीव अर्धा होतो आणि ताप असा की अंगावर हात ठेववत नाही. कांजिण्यांत पाण्यानं भरलेले फोड येतात आणि लेकरू खाजवून खाजवून घर डोक्यावर घेतं. गालफुगीत तर गालच सांगतात. ह्यातलं एकही लक्षण माझ्या पोराला नव्हतं. शिवाय नवव्या महिन्यात गोवरची सुई दिलेली, तिचं कार्ड माझ्या ट्रंकेत. त्यामुळं हा गोवर नव्हेच. उन्हाळा लागला होता, पोरगं दिवसभर आमच्या गिरणीपुढं उन्हात उंडारायचं. उष्णता बाहेर पडली असणार, असं मी न्हाणीतच ठरवून टाकलं. मला तसंच ठरवायचं होतं, हे आज म्हणते. तेव्हा मी स्वतःला लई शहाणी समजत होते.

माझं सासर मुरूमकडं, पिठाची गिरणी आणि थोडी शेती. माहेर अणदूरजवळ. धाकट्या भावाच्या लग्नाला चार वर्षं झाली होती आणि भावजयीचं एक पोट दुसऱ्याच महिन्यात गेलेलं. आता तिला तिसरा लागला होता. आईचा फोन आला की चोरचोळी करायची आहे, ये. आमच्याकडं तिसऱ्या महिन्यात गाजावाजा न करता, दार लोटून घेऊन, घरच्याच चार-पाच बायका पोटुशीला हिरवी चोळी घालतात, ओटी भरतात. बाहेर कुणाला कळू द्यायचं नसतं, दृष्ट लागते म्हणून. ओटी भरून झाली की तिच्या मांडीवर एखादं धडधाकट पोरगं बसवायचं. आईनं फोनवरच सांगून ठेवलं होतं की पोराला घेऊनच ये, दुसऱ्या कुणाचं लेकरू मी तिच्या मांडीवर बसवणार नाही.

सासूबाईंनी दोन दिवसांची रजा दिली ती सुद्धा कानडीत पुटपुटत. गिरणी कोण बघणार, दळणं कोण देणार, असं काहीबाही. आठ महिन्यांत मी माहेरचं तोंड बघितलं नव्हतं. पिशवी भरून तयार होती. आणि आता हे ठिपके.

आईला सांगितलं असतं तर तिनं येऊच दिलं नसतं. आमच्या आईच्या राज्यात अंगावर उठलेल्या लेकराला उंबरा ओलांडायची बंदी. दाराला लिंबाचा डहाळा, घरात फोडणी बंद, बाहेरच्या बाईनं आत यायचं नाही, आणि पोटुशीनं तर त्या गल्लीतनं सुद्धा जायचं नाही. मी बारावी शिकलेली. आईच्या ह्या नियमांना मी किती हसले असेन त्याला गणती नाही. देवी कसली, डहाळा कसला, हे तिला मीच ऐकवायची. त्यातला शेवटचा नियम तेवढा खरा होता. बाकी सगळं खुळं असेल, पण पोटुशीला लांब ठेवायचं हे त्या अडाणी बायकांना कुठनंतरी ठाऊक होतं आणि मला शिकून ठाऊक नव्हतं.

मी पावडर लावली. ओल्या हातावर घेऊन मानेला, कानामागं, गळ्याखाली चांगली चोळली. वरनं लांब बाह्यांचा सदरा घातला आणि गळ्याचं बटण लावलं. पोरगं गरम होतंय म्हणून कुरकुरलं, त्याला पेढ्याचं आमिष दाखवलं. शुक्रवारी सकाळी जीपनं मुरूम मोडावर आलो आणि तिथनं सोलापूरची एस.टी. धरली. जागा मिळाली, पोरगं खिडकीला बसून झाडं मोजत होतं. मी लई खुशीत होते.

चोरचोळी दुपारी झाली. दार लोटलेलं, आत आई, मी, दोन चुलत्या आणि शेजारची एक म्हातारी. भावजय पाटावर बसली होती, हिरवी चोळी तिला थोडी सैल झाली होती आणि ती लाजून सारखी पदर ओढत होती. तिनं ती चोळी स्वतःच, पुढच्या महिन्यांचा अंदाज ठेवून, शिवली होती. ती शिवणकाम करायची. तिच्या हातचं ब्लाऊज अंगावर असं बसायचं की आजूबाजूच्या चार गावांच्या बायका तिच्याकडं कापड टाकायच्या. आईनं ओटी भरली, तांदूळ, खोबरं, हळकुंड, सगळं घातलं. मग माझ्या पोराला उचललं आणि तिच्या मांडीवर बसवलं. म्हातारी म्हणाली, दोघांना एकच पेढा द्या, अर्धा त्यानं खावा, अर्धा तिनं. पोरानं पेढा चावला, लाळेनं भरलेला उरलेला तुकडा मामीच्या तोंडात कोंबला, आणि सगळ्याजणी हसल्या. भावजयीनं त्याला छातीशी धरलं, त्याच्या गालाचे मुके घेतले, मानेत नाक घालून म्हणाली की किती छान वास येतोय पावडरचा.

हे मला रोज आठवतं. रोज. त्यावेळी सुद्धा पोराला उचलून घ्यावं असं मनात आलं होतं, नाही असं नाही. पण मी हसत बसले.

शनिवारी परत आलो तोवर ठिपके पुसट झाले होते, रविवारी अंग लख्ख. तीन दिवसांत आलं नि गेलं. उष्णताच होती म्हणून मी मोकळी झाले.

दोन-अडीच आठवड्यांनी भावजयीचा फोन आला. तिला कणकण आली होती, मानेत गाठी आल्यासारखं दुखत होतं, छातीवर थोडी लाली होती. दिवसभरात ओसरलं पण होतं. तिनं आईला सांगितलं नव्हतं. मी दोन-चार पावसाळे जास्त पाहिलेली, म्हणून मला विचारत होती. मी तिला सांगितलं की पोटुशीच्या अंगात उष्णता असतेच, ताक पी. गिरणी चालू होती, पट्ट्याच्या आवाजात नीट ऐकू येत नव्हतं, मी घाईतच फोन ठेवला.

तिला पाचवा लागला तेव्हा सूर्यग्रहण आलं. दिवसाढवळ्या, ढगाळलेलं, दिसलं सुद्धा नसेल कुणाला. आईनं तिला आतल्या खोलीत बसवलं, हलू नको, काही कापू नको, शिवू नको म्हणून बजावलं आणि स्वतः देवापुढं बसली. इकडं भावाला तालुक्याला जायचं होतं आणि त्याच्या सदऱ्याचं बटण तुटलं. भावजयीनं सुईत दोरा ओवला, चार टाके घातले, बटण लावलं. एवढंच. आई पाणी प्यायला उठली आणि तिनं बघितलं. पुढचा महिनाभर मला फोनवर तेच ऐकायला मिळालं. मी आईला हसले, भावजयीच्या बाजूनं भांडले. म्हणाले, आई, सुईनं काही होत नसतं. त्या भांडणाचा मला अभिमान वाटत होता.

मुलगी झाली. बारीक, चिमणीएवढी. आईनं तिला हातात घेतलं ती खाली ठेवीना. एक गोष्ट मला आईच्या बाजूनं सांगितलीच पाहिजे, तिनं त्या पोरीचा एका दिवसासाठी सुद्धा दुस्वास केला नाही. पोरगी झाली म्हणून नाक मुरडलं नाही. तेल लावणं, शेक देणं, सगळं तिनं केलं. आणि दुसऱ्या महिन्यात तेल लावताना तिलाच ते पहिल्यांदा दिसलं. बाळाच्या दोन्ही बुबुळांत मधोमध पांढरं. दिवा डोळ्यांपुढनं नेला तरी बाळ बघेना.

आईनं दिवा खाली ठेवला आणि म्हणाली, सुई. दुसरं काही नाही. घरात सगळ्यांना कळलं ती कशाबद्दल बोलतेय. भावजय उठून आत गेली आणि शिलाई मशीनवर चादर टाकून आली. हे मला नंतर भावानं सांगितलं. तो रडत होता.

सोलापूरला डोळ्यांच्या दवाखान्यात मी त्यांच्यासोबत गेले. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी बाळाचे डोळे बघितले, छातीला नळी लावली, रक्त तपासायला दिलं आणि पुढच्या खेपेला आम्हा तिघांना समोर बसवून शांतपणे सांगितलं. रुबेला नावाचा एक आजार असतो. विषाणूचा. लेकरांना होतो, खोकल्या-शिंकण्यातनं, लाळेतनं पसरतो. लेकराला त्याचं काही वाटत नाही, थोडा ताप, कानामागं गाठी, तीन दिवस फिकट पुरळ, आणि संपलं. पुष्कळदा आईबापाच्या ध्यानातही येत नाही. पण तोच पोटुशीला पहिल्या तीन महिन्यांत लागला, तर तो आईला सोडतो आणि पोटातल्या बाळाला धरतो. त्या दिवसांत बाळाचे डोळे, कान, काळीज घडत असतं. ते घडणंच तो बिघडवतो. नेहमीची गोवरची सुई त्याला चालत नाही, त्याची सुई वेगळी.

मी खुर्चीचा हात धरून बसले होते. बाई एकेक शब्द बोलत होत्या आणि माझं पोरगं माझ्यापुढं न्हाणीत उभं होतं, अंगावर ठिपके घेऊन.

मग त्यांनी भावजयीला विचारलं की तुम्हाला त्या दिवसांत ताप आला होता का. ती म्हणाली, एक दिवस आला होता. आणि त्याच्या आधी तुमच्याजवळ कुणी पुरळ आलेलं लेकरू होतं का? भावजयीनं नीट आठवून बघितलं. खरोखर आठवून बघितलं, मी तिच्याकडं बघत होते.

"न्हाय," ती म्हणाली. "तसं कुणीच न्हवतं."

बाईंनी माझ्याकडं बघितलं, भावाकडं बघितलं. मी तेव्हा बोलायला पाहिजे होतं. मी वाकून बाळाचं दुपटं सारखं केलं. मनात काय होतं ते खरं खरं सांगते. माझ्या लेकरावर बोट येईल. उद्या भावकीत कुणी म्हणेल की ह्या पोरानं त्या पोरीचे डोळे घेतले. आणि माहेर तुटेल, भाऊ माझं तोंड बघणार नाही. हे दोनच विचार. समोर आंधळं बाळ भावजयीच्या मांडीवर होतं, आणि मी माझ्या माहेराचा विचार करत होते. थू माझ्या जिनगानीवर.

बाई शेवटी म्हणाल्या की ह्यात कुणाचाच दोष नाही. ते मीच तेवढं ऐकलं असावं. भाऊ घरी गेला आणि त्यानं आईला सांगितलं की हिच्या अंगातनं बाळाला गेलंय. आई म्हणाली, तेच तर मी म्हणतेय. डॉक्टरीणबाईंनी अजून एक सांगितलं होतं, की अशा बाळाच्या अंगातनं वर्षभर तो विषाणू बाहेर पडू शकतो, म्हणून पोटुश्या बायकांना बाळापासून लांब ठेवा. हे आईला मी स्वतः समजावून सांगितलं. वाटलं, एवढं तरी काम करावं. आईनं ते मान्य केलं आणि भावजयीलाच लांब केलं. गल्लीत कुणी पोटुशी असली की भावजयीनं तिच्यासमोर जायचं नाही. डोहाळजेवणाला तिला बोलावणं नाही. हळदीकुंकवाला ती दारात उभी राहिली तर बायका आपापल्या सुना आत घेत. वर्ष संपलं तरी ते संपलं नाही. माझ्याच तोंडानं गेलेला निरोप होता तो.

बाळाचं दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालं, जाड भिंगाचा चष्मा लागला, दिसतं थोडंफार. काळजालाही बारीक भोक निघालं होतं, ते आपोआप मिटलं, तेवढी देवाची कृपा. पण आठव्या-नवव्या महिन्यात एकदा आईच्या हातनं पितळेचं ताट फरशीवर पडलं, सगळं घर दचकलं, आणि बाळ आपलं अंगठा चोखत पडून राहिलं. मग तिच्या मागं टाळ्या वाजवल्या, डबा बडवला. काही नाही. कान पण गेले होते.

भावजयीनं मशीन विकून टाकलं. माप घ्यायची टेप, कात्री, सगळं शेजारणीला देऊन टाकलं. फाटलेलं धुडकं शिवायचं तर ती दुसऱ्याकडं द्यायची. कुणी तिला सुई धर म्हणालं तर ती हात मागं घ्यायची, जसा चटका बसल्यावर घेतात. आई तिला उपास धरायला लावायची, ती धरायची. आईनं बोलावं आणि तिनं ऐकावं. तिनं एकदा जरी उलट उत्तर दिलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

बाळ दीड वर्षाचं असताना आमच्याकडं शाळेत नवी सुई आली. गोवर आणि रुबेला, दोन्हींची एकच. मुरूमच्या शाळेच्या व्हरांड्यात पोरांच्या रांगा, बाहेर आयांची गर्दी. कुणीतरी उठवलं होतं की ह्या सुईनं पोरांना पुढं लेकरं होत नाहीत. दोघी-तिघी आपली पोरं ओढून घरी न्यायला लागल्या. नर्सबाई बिचारी घसा फोडून सांगत होती की अहो, ही सुई तुमच्या पोरापेक्षा त्याच्या भोवतीच्या बायकांसाठी आहे, पोटातल्या बाळांसाठी आहे. मी पोराला रांगेत उभं केलं. सुई टोचली, ते रडलं सुद्धा नाही. आणि मी व्हरांड्यातच सगळ्यांच्या अंगावर ओरडले. त्या बायकांवर ओरडले, नर्सवर ओरडले की दोन वर्षं कुठं होती तुमची सुई. नर्स म्हणाली, आत्ता आली म्हणून आत्ता देतोय बाई. तिचं काय चुकलं? घरी येऊन मी गिरणीचा पट्टा चालू केला आणि त्याच्या आवाजात रडून घेतलं. आवाजाचा तेवढा एक उपयोग.

अशी वर्षं गेली. मी दर सणाला जायची, भाचीला कपडे न्यायची, भावजयीला साडी न्यायची. ती पाया पडायची. माझं पोरगं मोठं झालं, ते भाचीला खांद्यावर घेऊन अंगणभर फिरवायचं आणि ती त्याच्या डोक्यावर टपला मारत हसायची. त्याच्याशिवाय ती दुसऱ्या कुणाच्या खांद्यावर बसायची नाही. मला ते बघवायचं नाही. मी स्वयंपाकघरात जायची.

भाची पाच वर्षांची झाली आणि भावजयीला परत दिवस राहिले. फोनवर तिचा आवाज ऐकला आणि मी ठरवलं की आता सांगायचं. मी नर्सबाईला आधी विचारून घेतलं. ती म्हणाली, हा आजार एकदा होऊन गेला की परत होत नाही, ह्या बाळाला काही भीती नाही. म्हणजे माझ्याकडं सांगायला एक चांगली गोष्ट पण होती. मी दुसऱ्याच दिवशी गेले.

दुपारी परसात भावजय डाळ निवडत बसली होती. भाची तिच्या मांडीला टेकून, एक हात तिच्या गळ्यावर ठेवून. भावजय बोलली की पोरीला हाताला कळायचं, म्हणून ती तसाच हात ठेवायची. मी समोर बसले आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. ठिपके, पावडर, सदऱ्याचं बटण, अर्धा पेढा. दवाखान्यात मी गप्प बसले ते पण. सुईचा आणि ग्रहणाचा काही संबंध नाही, होता तो माझ्या पोराचा आजार आणि माझी लबाडी.

ती डाळीत बोटं फिरवत राहिली. मग म्हणाली, "अक्का, तुमी माझ्यासाठी आपल्या लेकराच्या डोक्यावर हे घेऊ नका."

मला आधी कळलंच नाही. ती समजत होती की मी तिला सोडवायला खोटं बोलतेय. मी पोराची शपथ घ्यायला गेले तर तिनं माझ्या तोंडावर हात ठेवला. मी सोलापूरचे कागद आठवून दिले, तिचा तो एका दिवसाचा ताप आठवून दिला. तिनं सगळं ऐकून घेतलं. तिच्या डोळ्यांत क्षणभर काहीतरी हललं, आणि ते आनंदाचं नव्हतं. ती घाबरली होती.

"तसं असलं तर मी काय करू?" ती म्हणाली. "पुरळ कोण कुठनं आणंल, माझ्या हातात काय हाय त्यात? सुई तरी माझ्या हातात हाय. पाच वर्सं झाली, मी धरली न्हाय. आता ह्या बाळाला काय व्हायचं न्हाय."

मी तिला परत परत सांगितलं की बाळाला काही होणार नाहीच, पण ते सुईमुळं नव्हे, तुला तो आजार होऊन गेलाय म्हणून. ती व्हय व्हय करत होती, जसं म्हाताऱ्या माणसाच्या बोलण्याला करतात. मग तिनं सूप उचललं आणि आत गेली.

मी आईला पण सांगितलं. सगळं, जसंच्या तसं. तिला पटलं होतं, हे मी शपथेवर सांगेन. तिच्या तोंडाचा रंगच उतरला. तिनं उठून परसाचं दार लावून घेतलं.

"तिनं सोसलंय, तिला सवय झालीया," आई म्हणाली. "आता तुझ्या लेकराला कशाला त्यात घालतीस? गप ऱ्हा."

आणि मी गप्प राहिले. संध्याकाळी भाऊ शेतातनं आला, हातपाय धुतले, माझ्याजवळ बसला, पोरगं कसं आहे म्हणून विचारलं. चांगलं आहे म्हणाले. त्या एका दिवसात जेवढं धाडस होतं तेवढं मी दोन बायकांवर घालवलं होतं आणि त्यातनं काही निघालं नव्हतं.

त्या खेपेला भावजयीनं नऊ महिने काय काय पाळलं ते सांगत नाही. सुईच काय, तिनं सेफ्टी पिन सुद्धा लावली नाही, पदर नुसता खोचून घ्यायची. ग्रहण त्या वर्षी आमच्याकडं दिसणारच नव्हतं, तरी कुणीतरी टीव्हीवर बघून सांगितलं की परदेशात लागलंय, तर ती दिवसभर खोलीत पाय पसरून सरळ बसून राहिली. पाणी प्यायली नाही. भाची दाराबाहेर बसून दार बडवत होती. स्वतःच्या बडवण्याचा आवाज तिला ऐकू येत नव्हता, म्हणून ती थांबत नव्हती.

मुलगा झाला. धडधाकट, काळाभोर, रडायला लागला की गल्ली गोळा व्हावी. सव्वा महिन्यानं बारसं केलं, मी गेले. आई येणाऱ्या प्रत्येकीला बाळाच्या तोंडापुढं दिवा फिरवून दाखवत होती, आणि बाळ दिव्याबरोबर डोळे फिरवत होतं. यंदा सुनेनं सुईला हात लावला नाही, बघा, असं ती सांगत होती. मला बघून तिचा आवाज जरा बसला, पण सांगायची काही थांबली नाही. गल्लीतली एक नवी नवरी, चार-पाच महिन्यांची पोटुशी, बाजूला उभी होती. त्या घरात पाच वर्षांत पहिल्यांदाच भावजयीच्या समोर कुणी पोटुशी येऊन उभी राहिली होती. भावजयीनं तिला आपल्याजवळ बसवून घेतलं आणि स्वतःच्या तोंडानं, अगदी मायेनं, सगळं सांगितलं. ग्रहण कसं लागलं होतं, बटण कसं तुटलं, दोरा कसा ओवला. ती नवरी भाचीच्या चष्म्याकडं बघत ऐकत होती. भावजयीचं तोंड इतकं उजळलेलं मी चोरचोळीनंतर पाहिलं नव्हतं.

बायका जेवायला गेल्यावर खोलीत आम्ही दोघीच राहिलो. बाळ माझ्या मांडीवर होतं. ते माझ्या बांगड्यांच्या आवाजाकडं मान वळवत होतं. भावजय सरकून जवळ आली आणि माझ्या हातावर हात ठेवला. पाच वर्षांचं कोडं सुटल्यासारखी ती माझ्याकडं बघत होती.

"अक्का, आता तरी पटलं का तुमाला?" ती म्हणाली. "माझंच चुकलं हुतं."

मी बाळ तिच्याकडं दिलं आणि व्हय म्हणाले.